पाचगणीची हवा, गोवंडीची खिडकी

पाचगणीत बंगला विकायचा तर पूर्वी दृश्य पुढे करत. कृष्णेचं खोरं, धोमचं पाणी, टेबललँडची कड. अलीकडे मालाच्या यादीत हवा वर सरकली आहे. जाहिरातीत हवेचा निर्देशांक असतो, मुंबईच्या आकड्याशेजारी छापलेला. 'भरपूर ऑक्सिजन' असतो. आणि जागा दाखवायला नेणारा माणूस तोंडी पुरवणी जोडतो, की साहेब, इंग्रजांच्या काळी क्षयाचे पेशंट इथे नुसत्या हवेवर बरे व्हायचे. ऑक्सिजनचं आधी मिटवून टाकू. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,२९० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण सातव्या हिश्शाने कमी, म्हणजे दर श्वासात ऑक्सिजनही तेवढाच कमी. ज्याला ऑक्सिजनचीच हौस असेल त्याने पाचगणीचा बंगला विकून गिरगावात खोली घ्यावी.

क्षयाची गोष्ट मात्र थट्टेवारी नेण्यासारखी नाही. 'हवेवर बरे व्हायचे' हे अर्धं खोटं आहे. त्यावर शिकलेली माणसं जे उत्तर देतात, की हवाबिवा सगळं थोतांड, गोळ्या आल्या आणि रोग हटला, तेही अर्धं खोटंच. दोघांचं एका बाबतीत एकमत आहे: हवा म्हणजे जागेचा गुण. एक म्हणतो तो गुण औषधी आहे, दुसरा म्हणतो नाही. माझ्या मते चूक या एकमतात आहे. फुफ्फुसाच्या रोगापुरतं बोलायचं तर हवा ही डोंगराची नसते, खोलीची असते. आपल्याआधी ती कोणाच्या छातीतून बाहेर पडली, तिला बाहेर जायला वाट आहे का, आणि ती वाट बुजवायचा परवाना कोणी दिला, हे तिचे खरे प्रश्न. गेल्या दीडशे वर्षांत वैद्यक, जीवशास्त्र, अभियांत्रिकी आणि कायदा या चार ठिकाणी हे प्रश्न वेगवेगळे सुटत आले. एकत्र मात्र क्वचितच बसले.

मागचा पल्ला झपाट्याने ओलांडायला हरकत नाही, कारण त्याबद्दल वाद नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात गावंच्या गावं उद्ध्वस्त करणाऱ्या साथींची चार कारणं दिली आहेत: वायू, पाणी, देश आणि काळ बिघडणं. युरोपातही दूषित वाफांनी रोग होतात हीच समजूत होती. तीच घेऊन इंग्रज सह्याद्री चढले. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कमने १८२८ च्या सुमारास महाबळेश्वर वसवायला घेतलं ते आजारी गोऱ्यांसाठी. पुढे जॉन चेसनने पाचगणीत बस्तान मांडलं आणि सिल्व्हर ओक लावले. १८९६ नंतर प्लेग आला तेव्हा गावं सोडून माळावर झोपड्या घालून राहणाऱ्या आपल्या लोकांनाही कोणी युरोपियन ग्रंथ वाचून दाखवला नव्हता. जागा बदलली की रोग मागे राहतो, हे सगळ्यांनाच पटलेलं होतं.

२४ मार्च १८८२ ला रॉबर्ट कॉखने बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला. पाठ्यपुस्तकातला क्रम पाहिला तर इथे हवेची कल्पना संपायला हवी. झालं उलटंच. सॅनेटोरियमची खरी लाट कॉखनंतर आली. कारण जंतू सापडला, औषध नाही. जंतू असूनही काही माणसं आजारी पडत नाहीत, याचा अर्थ लावायचा राहिलाच होता. अमेरिकेत सॅरनॅक लेकच्या एडवर्ड ट्रूडोने १८८६ मध्ये पंधरा सशांवर केलेला प्रयोग या पेचातून निघाला. पाच सशांना जंतू टोचून बेटावर मोकळं सोडलं, पाचांना टोचून ओल्या अंधाऱ्या जागेत कोंडलं, उरलेल्या पाचांना न टोचता तशाच एका खड्ड्यात ठेवलं. बेटावरचा एक मेला. टोचून कोंडलेल्या पाचांपैकी चार मेले. न टोचलेले खंगले, पण त्यांना क्षय झाला नाही. जंतूशिवाय रोग नाही आणि परिस्थितीशिवाय तो बळावत नाही, असं दुहेरी उत्तर एवढ्याशा प्रयोगातून निघत होतं. सॅनेटोरियमवाल्यांनी त्यातलं बेट उचललं. खड्डा कोणी फारसा उचलला नाही, आणि माझी तक्रार तिथूनच सुरू होते.

मुंबईचे डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये पाचगणीला बेल-एअर सॅनेटोरियम काढलं. स्वित्झर्लंडमधलं दावोसचं सॅनेटोरियम, त्यावरची थॉमस मानची कादंबरी, क्षयाने झालेला कमला नेहरूंचा लोझानमधला शेवट ही सगळी वाचकाला ठाऊक असलेली दुनिया, तिचीच ही आपली शाखा. उघडे व्हरांडे, सक्तीची विश्रांती, दूध-अंडी, ठरावीक वेळेला ताप बघणं. गंमत अशी, की मुलांची हाडं बळकट व्हावीत म्हणून निवासी शाळाही याच पठारावर आल्या. ज्या हवेने रोगी बरा व्हायचा तीच निरोगी मुलाला पोसणार. एकाच डोंगरावर दोन्ही गिऱ्हाइकं. आणि तिकडे सांगली-मिरजेच्या सपाटीवर, ना थंडी ना डोंगर अशा माळावर, मिरजेचं मिशन रुग्णालय उभारणाऱ्या विल्यम वानलेसच्या नावाचं क्षयाचं सॅनेटोरियम वानलेसवाडीत चालत होतं. तिथेही रोगी बरे होत आणि तिथेही मरत. उंचीच औषध असती तर वानलेसवाडीला काही कामच नसतं. दोन्हींत सारखं काय होतं ते बघावं: मोकळा व्हरांडा, खाणं, आराम आणि मुख्य म्हणजे खोकणारा माणूस घरच्यांपासून लांब. यांतली शेवटची गोष्ट औषध नव्हतीच. तिचा फायदा रोग्याला नव्हे, मागे राहिलेल्या घराला होता.

आता ते वळण, जे जवळजवळ सगळे चुकीचं वाचतात.

स्ट्रेप्टोमायसिन १९४४ मध्ये जाहीर झालं, १९५२ पर्यंत आयसोनियाझिड आलं. सॅनेटोरियमं यानेच बंद पडली असं सांगतात. तसं नाही. औषधं आल्यावरही ती सॅनेटोरियममध्ये ठेवूनच द्यावीत असं डॉक्टर मानत होते, आणि भारतात तर अडचण ही होती की रोग्यांच्या मानाने खाटा नावापुरत्याच होत्या. १९५६ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद यांनी मिळून मद्रासला एक केंद्र काढलं. वॉलेस फॉक्स त्याचे प्रमुख. शहरातल्या गरीब वस्त्यांतले १९३ रोगी घेतले आणि कोणी कुठे जायचं हे डॉक्टरच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. निम्मे सॅनेटोरियममध्ये, निम्मे घरी. वर्षभर दोघांना तीच औषधं, आयसोनियाझिड आणि 'पास' (पीएएस) नावाचं दुसरं औषध. सॅनेटोरियमवाल्यांना खाट, विश्रांती, चांगलं जेवण, परिचारिका. घरवाल्यांना दाटीची खोली, बेताचं खाणं आणि बऱ्याच जणांना रोजचं कामही. गोळ्या खरंच घेतल्या जातात का हे बघायला केंद्राची माणसं घरी जात, गोळ्या मोजत, लघवी तपासत. १९५९ मध्ये निकाल छापला: दोन्हींकडे गुण जवळजवळ सारखाच.

हा निकाल जगभर गाजला आणि तो गाजायलाच हवा होता. गरिबाला घर, पोरं, मजुरी सोडून वर्षभर डोंगरावर जाऊन पडण्याची गरज उरली नाही. १९६२ चा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम याच पायावर उभा राहिला. खाटेची वाट बघत मेली असती अशी किती माणसं यामुळे जगली, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचावं. मद्रासच्या संशोधकांशी माझं भांडण नाही. भांडण आहे त्यांच्या निष्कर्षाला आपण जो अर्थ चिकटवला त्याच्याशी.

प्रयोगाचा दुसरा भाग घरच्या माणसांचा होता. खोकणारा रोगी घरीच राहिला तर बायको-मुलांना रोग जास्त होईल, ही सगळ्यांची धास्ती. त्यांच्यावर लक्ष ठेवलं तर घरी राहिलेल्यांच्या कुटुंबात नवा क्षय सॅनेटोरियममध्ये गेलेल्यांच्या कुटुंबापेक्षा जास्त निघाला नाही. इथून सरकारी डोक्यांत एक सोपं वाक्य रुजलं: रोगी कुठल्या खोलीत राहतो याला महत्त्व नाही, गोळी घेतो की नाही याला आहे.

पण प्रयोगाचं घड्याळ कधी सुरू झालं? रोगनिदान झालं, औषध हातात पडलं, तेव्हा. त्या दिवशी कुटुंबांची तपासणी केली तेव्हाच काहींना क्षय झालेला होता, आणि पुढे ज्यांना झाला त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या अंगात जंतू तोपर्यंत शिरून बसले होते. औषध सुरू झाल्यावर रोग्याच्या खोकल्यातला संसर्ग झपाट्याने ओसरतो. म्हणून त्यानंतर तो घरी राहिला काय किंवा डोंगरावर, घरच्यांच्या दृष्टीने फार फरक पडेना. नुकसान आधीच होऊन गेलेलं होतं. निदानाआधीच्या महिन्यांत, त्याच बिनखिडकीच्या खोलीत, रात्री एकमेकांशेजारी झोपताना. मद्रासच्या आकड्यांनी खोली निर्दोष ठरवलेली नाही. उलट, गुन्हा औषधापूर्वीच घडतो असं ते सांगतात. आपण मात्र आरोपीला सुटल्याचा कागद देऊन टाकला.

ते आधीचे महिने किती लांब असतात हेही फार लवकर कळलं होतं. बंगलोरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेच्या डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातल्या खेड्यांत पाहणी करून १९६३ मध्ये दाखवलं, की क्षयाची लक्षणं असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसं स्वतःहून दवाखान्यात जात होती, आणि खोकल्याची बाटली घेऊन परत येत होती. अडाणी रोगी येतच नाही, ही शहरी तक्रार त्यात उडाली. बाटली संपेपर्यंत खोली आपलं काम करत राहायची. त्याआधीच, १९५५ ते १९५८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत खेड्यांतला क्षय शहरांइतकाच निघाला होता. मोकळं माळरान, शेताची हवा, आणि तरी शहराइतकाच. ज्यांना हवा म्हणजे परिसर वाटतो त्यांच्या हातात या आकड्याचं करायला काही नाही. खेड्यातल्या घराला भिंतीत वीतभर झरोका असतो हे पाहिलेल्या माणसाला तो आकडा लगेच समजतो.

मद्रासमध्ये गोळ्या मोजणं चालू होतं त्याच सुमाराला अमेरिकेत बाल्टिमोरच्या रुग्णालयात एक विचित्र रचना उभी होती. क्षयरोग्यांच्या सहा खाटांच्या वॉर्डातली हवा नळांतून वरच्या कक्षात नेली होती आणि तिथे गिनीपिग ठेवले होते. रोगी आणि प्राणी यांची भेट कधीच नाही, फक्त हवेची. गिनीपिगना क्षय झाला. पुढच्या टप्प्यात काही प्राण्यांकडे जाणाऱ्या हवेवर अतिनील किरण सोडले, त्यांना झाला नाही. औषध न घेणारे रोगी संसर्ग पसरवत, औषधावर असलेले फारच कमी, हेही तिथेच दिसलं. या प्रयोगामागचं डोकं असलेले विल्यम वेल्स डॉक्टर नव्हते, आरोग्य अभियंता होते. त्यांचे सहकारी रिचर्ड रायली डॉक्टर. हवा विज्ञानातून बाद झाली अशी आपली समजूत ज्या वर्षांत पक्की झाली, नेमक्या त्याच वर्षांत ती इतक्या सज्जड पुराव्याने परत आली होती. फक्त डोंगर सोडून नळात आणि खिडकीत आली, म्हणून ओळखू आली नाही.

वैद्यकाने तिला ओळखायला किती वेळ लावला याचा ताजा दाखला सगळ्यांच्या आठवणीत आहे. २८ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविड हवेतून पसरत नाही असं ठामपणे जाहीर केलं होतं. मग माघार, तीही हप्त्याहप्त्याने. आपण तोवर भाज्या धूत बसलो होतो. या नकाराचं मूळ जुनं आहे: अमेरिकन आरोग्याधिकारी चार्ल्स चॅपिनने १९१० च्या ग्रंथात हवेतून रोग पसरण्याची कल्पना बाजूला सारली ती जुन्या दूषित वाफांच्या भीतीला शह म्हणून. भूत घालवताना त्याने खिडकीही लावून घेतली.

खाण्याचंही असंच झालं. घरचे रोगी बेताचं खाऊनही बरे झाले, मग पोषणाची गरज नाही असं मद्रासचं वाचन झालं. झारखंडमध्ये अनुराग आणि माधवी भार्गव यांनी केलेल्या चाचणीचे निकाल २०२३ मध्ये आले. सुमारे १०,३०० घरच्या माणसांत, ज्यांच्या घरी शिध्याची जादा मदत पोचली त्यांच्यातला नवा क्षय ३९ ते ४८ टक्क्यांनी कमी. पुन्हा तोच भेद. रोगी बरा होणं हा एक प्रश्न, घर वाचणं हा दुसरा. सॅनेटोरियम दोन्हींना मिळून एकच भोंगळ उत्तर देत होतं. गोळीने पहिल्याचं उत्तर इतकं चोख दिलं की दुसरा प्रश्न विचारायचंच राहून गेलं.

तो विचारण्याची सोय कायद्यात मात्र होती, आणि ती वैद्यकातल्या या वादापेक्षा जुनी. कॉखच्याच वर्षी, १८८२ मध्ये, भारतीय सुविधाधिकार कायदा झाला. मुंबई इलाख्याला तो १८९१ पासून लागू झाला. घराच्या खिडकीतून वीस वर्षं बिनतक्रार हवा येत असेल तर तिच्यावर हक्क बसतो. ती अडवली तर नुकसान ठरवताना तब्येत बिघडली हे सिद्ध करावं लागत नाही. राहणं पुरेसं त्रासाचं झालं एवढं दाखवलं की पुरे. रोगजंतूबद्दल काहीही माहीत नसलेल्या कायद्याने खिडकीचं मोल ओळखलं होतं. अर्थात खिडकी ज्याच्या मालकीची त्याच्यापुरतंच.

चाळीतल्या भाडेकरूसाठी वाट अभियांत्रिकीतून निघाली. प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. बिलिमोरियांनी पाचगणीला दार उघडलं त्याच १९१२ साली ट्रस्टचे प्रमुख जे. पी. ऑर मुंबईतल्या घरांतला उजेड आणि हवा यांवर व्याख्यान देत होते. त्यांचा आग्रह साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा. तळमजल्याच्या भिंतीच्या पायथ्यापासून त्या कोनात वर रेघ ओढली तर समोरच्या इमारतीने ती अडवता कामा नये. शाळेतली त्रिकोणमिती आठवत असेल तर त्या कोनाचा टॅन जवळजवळ बरोबर दोन भरतो. म्हणजे इमारत मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीपेक्षा उंच नको. एका वर्षी एकाच रोगाला दोन उत्तरं निघाली: ज्याला परवडेल त्याने घाट चढावा, किंवा प्रत्येक चाळीपुढे आकाशाचा एक तुकडा राखावा. पहिल्या उत्तराचं स्मरण जाहिरातीत टिकलं आहे. ऑर कोणाला आठवत नाहीत.

त्या दुसऱ्या उत्तराचं आपण काय केलं ते गोवंडी-मानखुर्दला दिसतं. रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांत उठवलेल्या झोपडपट्ट्यांतली माणसं लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये आणून वसवली. २२५ चौरस फुटांची घरं, सात मजल्यांपर्यंतच्या इमारती, आणि दोन इमारतींमध्ये कित्येक ठिकाणी जेमतेम तीन मीटर. सात मजले म्हणजे साधारण वीस मीटर उंची. ऑरच्या हिशोबाने मध्ये दहा मीटर हवेत. पुनर्वसन परवडावं म्हणून मोकळ्या जागेच्या नियमांत सवलती दिल्या गेल्या. आयआयटी मुंबईचे संशोधक आणि 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था यांनी मिळून या दोन वसाहती आणि त्याच वॉर्डातली जास्त मोकळी पीएमजी कॉलनी यांची तुलना केली. पहिल्या दोन वसाहतींत क्षय कित्येक पट जास्त निघाला. खालच्या मजल्यांना ऊन आणि वारा सर्वांत कमी. अशा पाहणीतून कार्यकारण शंभर टक्के सिद्ध होत नाही, हे मान्य. पण अंधारी कोंदट जागा रोगाला बळ देते, एवढं तर ट्रूडोच्या सशांनी सांगितलंच होतं.

आणि पाचगणी? १७ जानेवारी २००१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. ते योग्यच झालं. नसतं झालं तर टेबललँडच्या कडेवरही एव्हाना मजले चढले असते. बेल-एअर पुढे रेडक्रॉसकडे गेलं आणि एचआयव्हीबाधितांचा सांभाळ करू लागलं, तेही चांगलंच. शेजारीच सरकार 'नवीन महाबळेश्वर' आखतं आहे, दोनशेहून अधिक गावांचं, आणि त्याच्याही समर्थनात निसर्गरम्य शुद्ध हवा येतेच. शुद्ध हवा हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुभाष कुमार खटल्यात म्हटलं. त्याच साली मुंबईची विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, जिच्या चौकटीत पुढे पुनर्वसनाच्या सवलती बसवल्या गेल्या. पाचगणीची प्रादेशिक योजना आणि मुंबईची ही नियमावली, दोन्हींचा आधार १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा. तरी एका ठिकाणी झाड तोडायला समितीपुढे जावं लागतं. दुसऱ्या ठिकाणी दोन इमारतींमधलं अंतर कमी करायच्या फायलीला उंचीप्रमाणे अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला लागतो, क्षयरोग अधिकाऱ्याचा लागत नाही.